प्रशिक्षित म्हणजे कधीचा प्रशिक्षित?

महापालिकेच्या मलनिस्सारण विभागाची कोणतीही निविदा उघडा, एक अट हमखास सापडते: कंत्राटदाराने प्रशिक्षित कामगारच कामावर लावावेत. पहिल्या लिफाफ्यात या अटीची पूर्तताही झालेली असते. कामगारांची यादी, पीएफचं चलन, विम्याची पावती आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, सगळं क्रमाने जोडलेलं असतं. छाननीला बसलेला कर्मचारी तक्त्यात खुणा करत जातो, कंत्राटदार तांत्रिकदृष्ट्या पात्र ठरतो, कार्यादेश निघतो. पुढे दोन-तीन वर्षं काम चालतं. तेवढ्या काळात माणसं सोडून जातात, नवी येतात. जुनी जेटिंग गाडी जाऊन वेगळ्या बनावटीची येते, कायद्यात भर पडते, न्यायालयाचे निकाल येतात. फाइलमधलं प्रमाणपत्र मात्र पहिल्या दिवशी होतं तेच असतं.

सरकारी कंत्राटात प्रशिक्षणाची अट फक्त इथेच आहे असं नाही. सरकारी कार्यालयांना आणि रुग्णालयांना सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या खासगी एजन्सींसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या २००६ च्या केंद्रीय आदर्श नियमांनी रक्षकाला वर्गातलं १०० तासांचं आणि प्रत्यक्ष कामाचं ६० तासांचं प्रशिक्षण ठरवून दिलं. वीज, रस्ते, इमारत बांधकाम, जेवण पुरवठा अशा सगळ्याच कंत्राटांत या ना त्या रूपात अशी अट येते. या प्रकरणासाठी मी गटारसफाईचं कंत्राट निवडलं, कारण इथे शिळ्या प्रशिक्षणाची किंमत काही मिनिटांत वसूल होते, आणि ती बहुतेक वेळा असा माणूस मोजतो ज्याने निविदा कधी पाहिलेलीही नसते.

आधी कायदा पाहू. ‘हाताने मैला उचलणाऱ्या कामगारांच्या सेवायोजनास प्रतिबंध व त्यांचे पुनर्वसन अधिनियम’ ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. भूमिगत गटार किंवा सेप्टिक टाकी धोकादायक पद्धतीने साफ करण्यासाठी माणूस लावण्यावर त्याने बंदी घातली. स्थानिक संस्था, कंत्राटदार, पोटकंत्राटदार, यांपैकी कुणीही यातून सुटत नाही. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या प्रत्येक गुन्ह्याला ५ वर्षं आणि ५ लाखांपर्यंत मजल जाते. त्याच वर्षीच्या नियमांनी माणसाने चेंबरमध्ये उतरण्याचे मोजके अपवाद सांगितले. मॅनहोलचं तुटलेलं झाकण यंत्राने काढता येत नसेल, सांडपाण्याच्या विहिरीच्या तळाशी बसवलेला पंप काढायचा असेल, ३०० मिलिमीटरहून मोठ्या वाहिनीला नवी वाहिनी जोडायची असेल, अशी ती प्रकरणं. याबाहेरच्या निकडीच्या प्रसंगी संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याने कारणं नोंदवून लेखी परवानगी द्यायची. उतरायची वेळ आलीच तर जागेवर किमान तीन माणसं हवीत, त्यांतला एक सुपरवायझर. आत जाण्यापूर्वी हवा तपासलेली हवी. ९० मिनिटांच्या कामानंतर ३० मिनिटं विश्रांती, किमान १० लाखांचा आयुर्विमा, त्याचा हप्ता मालकाने भरायचा. आणि कामगार पुरेसा प्रशिक्षित हवा.

‘पुरेसा’ कशाला म्हणायचं, हे ठरवायचं असेल तर चेंबरच्या आत काय घडतं ते समजून घ्यावं लागतं.

तुंबलेल्या वाहिनीत साचलेला गाळ प्राणवायूशिवाय कुजतो. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, मिथेन तयार होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. सल्फाइडचा वास कुजक्या अंड्यासारखा, आणि तो दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी असला तरी नाकाला कळतो. म्हणून जुने कामगार वासावर भरवसा ठेवतात. वास येतोय तोवर गॅस आहे, वास गेला की चेंबर मोकळं झालं, असा तो हिशेब. हाच हिशेब घातक ठरतो. प्रमाण दहा लाखांत १०० भागांवर गेलं की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला याचा अर्थ गॅस वाढला असाही होऊ शकतो. ५०० ते ७०० भागांना माणूस पाचेक मिनिटांत कोसळतो, आणि हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. हा वायू हवेपेक्षा थोडा जड असतो, त्यामुळे तो तळाशी दबा धरून बसतो. आणखी एक गोष्ट अनुभवी माणसालाही चकवते. गॅस मोठ्या प्रमाणात गाळातच विरघळून अडकलेला असतो. वरून तपासणी केली तेव्हा हवा ठीक होती. आत उतरून फावड्याने गाळ हलवला, किंवा पायच रुतला, की अडकलेला गॅस एकदम सुटतो. कामगारांच्या भाषेत ‘गॅस लागतो’ तो बहुतेकदा असा.

आता गॅस मापक हातात घेऊ. मुठीत मावणारं, चार वायू मोजणारं यंत्र. प्राणवायू, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड. मोकळ्या हवेत सुरू केलं की पडद्यावर प्राणवायू २०.९ टक्के दिसायला हवा. १९.५ च्या खाली गेला की यंत्र ओरडतं. सल्फाइडसाठी इशारा साधारण १० भागांवर लावलेला असतो. हे सगळं प्रशिक्षणाच्या पहिल्या तासात सांगितलं जातं आणि ऐकणारा मान डोलावतो. प्रत्यक्षात चूक होते ती पुढच्या बारकाव्यांत. यंत्र रोज कामाआधी ओळखीच्या वायूची फुंकर देऊन तपासायचं असतं. बारीक सिलिंडर जोडायचा, काही सेकंद वायू सोडायचा, आकडा चढला आणि भोंगा वाजला तर सेन्सर जिवंत आहे. ही तपासणी न करता पडद्यावरचे शून्य पाहून निर्धास्त झालेला माणूस मेलेल्या सेन्सरकडे पाहत असण्याची शक्यता असते. प्राणवायूच्या सेन्सरचं आयुष्यच बहुधा दोनेक वर्षांचं असतं. बऱ्याच यंत्रांतला ज्वलनशील वायू मोजणारा मणी सिलिकॉन असलेल्या फवाऱ्याने निकामी होतो, आणि तसा फवारा गाडीच्या टपावर वंगणाच्या डब्याशेजारीच पडलेला असतो.

तपासणीचा क्रमही ठरलेला आहे. आधी प्राणवायू, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. याला कारण आहे. मण्याचा सेन्सर वायू जाळून मोजतो आणि जाळायला त्याला प्राणवायू लागतो. आत प्राणवायूच कमी असेल तर मिथेन भरपूर असूनही आकडा कमी येतो. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन म्हणजे ठिणगीची वाट पाहणारं मिश्रण. शिवाय मापक फक्त चेंबरच्या तोंडाशी धरून उपयोग नाही. मिथेन वर असतो, सल्फाइड खाली. नळी वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी सोडायची, आणि नळी जितकी लांब तितकं जास्त थांबायचं, कारण खालची हवा यंत्रापर्यंत यायला वेळ लागतो. घाईत सोडून लगेच वर ओढलेली नळी वरचीच हवा मोजून येते. हे कागदावर वाचून ध्यानात राहत नाही. हातात यंत्र घेऊन, चेंबरपाशी गुडघे टेकून, कुणीतरी शेजारी उभं राहून चार-सहा वेळा करवून घेतलं तर अंगवळणी पडतं. ते अंगवळणी पडलेलंही वर्षभर यंत्राला हात लागला नाही तर विसरलं जातं. आणि मधल्या काळात यंत्राची कंपनी बदलली, बटणांची जागा बदलली, तर जुनी सवयच आडवी येते.

मास्कचंही असंच. कामाच्या पाहणीत कामगाराच्या तोंडावर मास्क दिसला की फोटो काढला जातो, फोटो बिलाला जोडला जातो. पण कापडी किंवा धुळीचा मास्क गॅस अडवत नाही. डबी लावलेला मास्क काही वायू काही काळ अडवतो, पण प्राणवायू पुरवत नाही. प्राणवायू कमी असलेल्या जागेत फक्त बाहेरून हवा देणारी नळी किंवा पाठीवरचा हवेचा सिलिंडरच चालतो. हा फरक कामगाराला माहीत असतो तेव्हा तो ‘साहेब, हा मास्क याला चालत नाही’ असं म्हणू शकतो. सुपरवायझरला माहीत नसेल तर तो त्यालाच गप्प बसवतो.

आणि मग येतं ते वाचवणं. गटारातल्या दुर्घटनांच्या बातम्यांत दोन, तीन, चार माणसं एकामागून एक गेल्याचं आपण वाचतो. पहिला पडला, दुसरा त्याला काढायला उतरला, तिसरा दुसऱ्याला. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने, एनआयओएसएचने, १९८६ मध्येच इशारा दिला होता की बंदिस्त जागेतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात. पुढच्या अभ्यासात हे प्रमाण कमी भरलं, तरी एक तृतीयांशाच्या वरच राहिलं. यात बेफिकिरी नसते, यात प्रेम असतं. आत पडलेला बहुतेक वेळा भाऊ, मेव्हणा, गाववाला असतो. ‘आत उतरू नकोस’ हे त्या क्षणी बुद्धीला पटत नाही, म्हणून ते आधीच शरीराला शिकवावं लागतं. तोंडावर तिपाई उभी, तिला चरखी, उतरणाऱ्याच्या अंगात पूर्ण हार्नेस, पाठीवरच्या कडीत दोर अडकवलेला. आतला माणूस बोलायचा थांबला की वरच्याने चरखी फिरवायची, बस. खाली पाऊलही टाकायचं नाही. पोत्यात वाळू भरून, माणसाच्या वजनाचं करून, ते खालून वर ओढायचा सराव केला की लक्षात येतं की हँडल कोणत्या बाजूला फिरतं हेही अनेकांना आठवत नाही, आणि दोर कडेला घासला तर एका माणसाला वजन ओढवत नाही. रुग्णाच्या छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याचं कौशल्य शिकल्यानंतर काही महिन्यांतच ढिलं पडतं, हे वैद्यकीय प्रशिक्षणात वारंवार दिसलेलं आहे. क्वचित वापरलं जाणारं प्रत्येक कौशल्य याच वाटेने जातं, आणि सुटकेचं कौशल्य तर नशिबाने क्वचितच वापरावं लागतं.

मग प्रशिक्षण पुन्हा कधी द्यायचं? आपल्याकडे याचं उत्तर सहसा तारखेने दिलं जातं: वर्षातून एकदा. शक्य तर पावसाळ्याआधी, नालेसफाईच्या धामधुमीत, एका सभागृहात, चहा-बिस्किटांसह. तारीख असणं चांगलंच. पण तारखेवर विसंबून राहिलं की मधल्या अकरा महिन्यांत काय बदललं याकडे कुणाचं लक्ष जात नाही. या बाबतीत मला अमेरिकेच्या ओशा या संस्थेचा बंदिस्त जागांविषयीचा १९९३ चा नियम फार समंजस वाटतो. प्रशिक्षण केव्हा द्यायचं हे त्यात बदलावरून ठरवलं आहे. माणसाला हे काम पहिल्यांदा देण्याआधी. त्याचं काम बदलण्याआधी, म्हणजे काल गाडी चालवणाऱ्याला आज वर उभं राहून लक्ष ठेवायला सांगितलं तर त्याआधी. कामाच्या पद्धतीत किंवा जागेत नवा धोका आला की. आणि मालकाला असं वाटायला जागा असेल की कामगार ठरलेली पद्धत पाळत नाहीत किंवा त्यांचं ज्ञान अपुरं आहे, तेव्हाही. सुटकेचा सराव मात्र १२ महिन्यांतून एकदा तरी, बाहुली किंवा माणूस प्रत्यक्ष बाहेर काढून. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे तारीख आणि शिकवणाऱ्याची सही. शिवाय ज्या संस्थेची जागा आहे तिने कंत्राटदाराला आतल्या धोक्यांची माहिती द्यायची. ‘कंत्राट दिलं, आता त्याचं तो बघेल’ हे तिथे चालत नाही.

आपल्याकडचे गेल्या काही वर्षांतले बदल या कसोटीला लावून पाहा. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मरण पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम ३० लाख झाली, आणि कायमचं गंभीर अपंगत्व आल्यास किमान २० लाख. २९ जानेवारी २०२५ रोजी त्याच न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राने गटार आणि सेप्टिक टाकीच्या सफाईची प्रमाण कार्यपद्धती काढली, पुढे शहरांनी आपत्कालीन स्वच्छता पथकं उभारावीत असं सांगितलं, १४४२० हा मदत क्रमांक आला. २०२३ मध्ये ‘नमस्ते’ ही योजना सुरू झाली. तिच्यात कामगारांची नोंदणी, सुरक्षा साधनांचा संच, आरोग्य विमा आणि प्रशिक्षण एकत्र बांधलेलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९७० चा कंत्राटी कामगार कायदा व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. यातली प्रत्येक गोष्ट मुख्य कार्यालयात परिपत्रक होऊन पोचते. तिथून ती मुकादमापर्यंत, गाडीवरच्या ऑपरेटरपर्यंत कशी आणि कधी उतरते, हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. १० लाख हाच आकडा डोक्यात बसलेला सुपरवायझर अपघातानंतर कुटुंबाला तेवढंच सांगतो, आणि ते कुटुंब तेवढ्यावर सही करून मोकळं होतं. प्रशिक्षण शिळं झाल्याचा हाही एक परिणाम आहे, आणि याला गॅसची गरज लागत नाही.

प्रत्यक्षात काय चाललंय त्याची एक झलक सामाजिक न्याय मंत्रालयाने करवून घेतलेल्या सामाजिक लेखापरीक्षणात मिळते. २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंची त्यात चौकशी झाली. निष्कर्ष जुलै २०२५ मध्ये संसदेत मांडले गेले. ४९ जणांच्या अंगावर कसलंही सुरक्षा साधन नव्हतं. ४७ प्रकरणांत यंत्रं आणि साधनं पुरवलीच नव्हती. आवश्यक प्रशिक्षण दिल्याचं आढळलं ते एका प्रकरणात. २७ प्रकरणांत उतरणाऱ्याची संमतीही घेतली नव्हती. जिथे लेखी संमती घेतली होती तिथेही धोक्याची कल्पना दिल्याचं दिसलं नाही. यातले बरेचसे कामगार थेट सरकारी पगारावर नव्हते, खासगीरीत्या बोलावलेले होते, म्हणजे साखळीच्या शेवटच्या टोकाचे. कंत्राटदार, त्याचा पोटकंत्राटदार, त्याचा ओळखीचा मुकादम, आणि मुकादमाने नाक्यावरून आणलेला माणूस. निविदेतली अट पहिल्या कडीला लागू होते आणि चौथ्या कडीपर्यंत पोचता पोचता विरून जाते.

या साखळीत एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. ठेकेदार बदलतो, माणसं बऱ्याच ठिकाणी तीच राहतात. तीन वर्षांनी नवी निविदा, नवी फर्म, गाडीवर नवं नाव, आणि चेंबरपाशी जुनाच कामगार. आधीच्या फर्मने त्याला दिलेलं प्रशिक्षण, त्याची नोंद, वैद्यकीय तपासणी, सगळं आधीच्या फर्मच्या कपाटात राहतं. नवी फर्म त्याला नवा माणूस म्हणून नोंदवते, किंवा जुना आहे म्हणून काहीच शिकवत नाही. दुसरी शक्यता जास्त. म्हणून माझं ठाम मत आहे की प्रशिक्षणाची नोंद कामगाराच्या नावावर आणि त्याच्याच हातात असावी, बँकेच्या पासबुकासारखी. कोणत्या तारखेला, कोणत्या यंत्रावर, कुणी शिकवलं, सुटकेचा सराव शेवटचा कधी केला. एक प्रत महापालिकेकडे. ‘नमस्ते’खाली कामगारांची नोंदणी होतेच आहे, त्या नोंदीला हे जोडणं अवघड नाही. २०२४ पर्यंत पडताळणी झालेल्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी ९२ टक्क्यांच्या आसपास अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतले होते, आणि त्यातही दोन तृतीयांशांहून अधिक अनुसूचित जातींचे. ज्या समाजावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादलं गेलं, त्यातल्या माणसाच्या हातात त्याच्या कौशल्याचा कागदही नसावा, हे मला मान्य होत नाही. कुशल म्हणून त्याचा पगार ठरायचा असेल तर तो कागद लागणारच आहे.

नोंद ठेवली तरी शिकवायचं कसं हा प्रश्न उरतोच. सभागृहात पडद्यावर इंग्रजी-हिंदी सरकफिती दाखवून पाचशे माणसांना एकाच दुपारी ‘प्रशिक्षित’ करण्याची पद्धत मोडायला हवी. मुंबईच्या एका गाडीवर मराठी, तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी बोलणारी माणसं एकत्र असू शकतात. अनेकांचं शिक्षण चार-पाच इयत्तांपलीकडे नसतं. त्यांच्यासाठी रोज सकाळी गाडी निघण्याआधीची दहा मिनिटं वर्षातल्या एका दिवसापेक्षा जास्त मोलाची आहेत. आज कोणत्या रस्त्याला जायचं, चेंबर किती खोल, शेजारी कोणता कारखाना किंवा कत्तलखाना आहे, काल रात्री पाऊस झाला का, वर कोण थांबणार, मापक तपासलं का. हे सुपरवायझरने विचारायचं आणि कामगाराने बोलून सांगायचं. आठवड्यातून एकदा तिपाई आणि चरखी बाहेर काढायची. महिन्यातून एकदा दुसऱ्या कुणाला चरखीवर उभं करायचं, म्हणजे एकटा रमेश किंवा एकटा सुरेश गैरहजर असला तरी काम अडत नाही.

एक गोष्ट शिकवण्याच्या पलीकडे जाते, तरी ती प्रशिक्षणातच यायला हवी: नाही म्हणणं. मापकाने भोंगा दिला, साधन नाही, तीन माणसं नाहीत, तर कामगाराने उतरायला नकार द्यायचा. हे त्याला शिकवणं सोपं आहे. नकार दिल्यावर त्या दिवसाची हजेरी कापली जाणार नाही याची हमी कंत्राटात लिहिलेली नसेल तर मात्र या शिकवणीला अर्थ उरत नाही. चाळीतल्या खोलीत चार तोंडं पोसणारा रोजंदारीवरचा माणूस भोंगा ऐकतो आणि खिशाकडे पाहतो. ही हमी एका ओळीत लिहिता येते. मस्टरवर ‘काम थांबवलं, सुरक्षा कारण’ असा रकाना ठेवायचा आणि त्या रकान्याखालची हजेरी पूर्ण धरायची.

याच ठिकाणी पैशाचा विषय येतो, आणि माझ्या मते सगळी गाठ इथेच आहे. आपल्या निविदांत सर्वांत कमी दराला काम मिळतं. दरपत्रकात गाडीचा दर असतो, इंधनाचा असतो, मजुरीचा असतो, मीटरमागे वाहिनी साफ करण्याचा असतो. प्रशिक्षणाचा दर नसतो. ते अटींमध्ये असतं, रकमेत नसतं. मग दोन कंत्राटदारांपैकी जो खरोखर माणसं कामावरून काढून सरावाला बसवणार, त्याचा दर वर जातो आणि तो हरतो. जो प्रमाणपत्रं विकत आणतो तो जिंकतो. या स्पर्धेत प्रामाणिक माणसाला सतत दंड बसतो. उपाय साधा आहे: दरपत्रकात प्रशिक्षणाची स्वतंत्र बाब घाला, तिचा दर महापालिकेनेच ठरवून सर्वांना सारखा ठेवा, म्हणजे त्यावर कुणाला कापाकापी करता येणार नाही. कामगारामागे तिमाहीला इतके तास, सरावाच्या दिवशी पूर्ण मजुरी, मापकाच्या वायूच्या सिलिंडरचा आणि दुरुस्तीचा खर्च. ही बाब मोजमाप पुस्तकात नोंदवा आणि तिचे पैसे देणं प्रत्यक्ष पाहणीला बांधा. वीस मीटर वाहिनी साफ झाली की नाही हे कनिष्ठ अभियंता जागेवर मोजतो, तसंच चार कामगारांना चरखी फिरवता येते की नाही हेही जागेवर पाहता येतं. त्याला पंधरा मिनिटं लागतात. कामगाराला विचारायचं, हे मापक सुरू करून दाखव. यात प्राणवायू किती असायला हवा? तुझा जोडीदार आत बोलायचा थांबला, आता काय करशील? उत्तर चुकलं तर दंड लावण्याआधी त्याच दिवशी काम थांबवायचं आणि शिकवायचं, खर्च कंत्राटदाराचा.

यावर आक्षेप येतो की यंत्रं आली की माणूस उतरणारच नाही, मग प्रशिक्षण कशाला. यंत्रं यायलाच हवीत. केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी बनवलेला ‘बँडिकूट’ हा रोबो २०१८ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये मॅनहोलमध्ये उतरला, तेव्हापासून तो देशातल्या अनेक शहरांत पोचला आहे. पण यंत्राला ऑपरेटर लागतो. जेटिंग गाडीच्या नळीतून येणारा पाण्याचा दाब मांसात घुसू शकतो. सक्शन गाडीची टाकी आतून साफ करताना तीही एक बंदिस्त जागाच असते, आणि तिच्यातही तेच वायू साचतात. यंत्र बंद पडलं, नळी आत अडकली, तर पहिला विचार ‘जरा उतरून सोडवतो’ हाच येतो. यंत्र आल्यावर शिकवायच्या गोष्टी कमी होत नाहीत, बदलतात. ज्या दिवशी नवी गाडी दाखल झाली त्याच आठवड्यात तिचं प्रशिक्षण व्हायला हवं, पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबून नव्हे.

शेवटी महापालिकेच्या बाजूचं पाहू. कंत्राटदाराच्या माणसांची तपासणी करणारा कनिष्ठ अभियंता कालपर्यंत रस्ते विभागात किंवा पाणीपुरवठ्यात असू शकतो. बदल्या होतात. उतरायच्या परवानगीचा प्रस्ताव त्याच्याकडून वर जातो, आणीबाणीत पहिला फोन त्याला येतो, आणि मापकाचा आकडा वाचायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आरोग्य निरीक्षकाचंही तेच. सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गोवंडीतल्या एका खासगी सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना २०१९ मध्ये मरण पावलेल्या तीन कामगारांच्या विधवांना प्रत्येकी १० लाख देण्याचा आदेश शासनाला दिला. जागा खासगी होती, तरी भरपाई देण्याची जबाबदारी शासनावर आली. महापालिकेच्या स्वतःच्या कंत्राटात तर ती कुणाकडे ढकलायला जागाच नाही. म्हणून कंत्राटदाराच्या सुपरवायझरसाठी जे प्रशिक्षण ठरेल ते पर्यवेक्षण करणाऱ्या सरकारी माणसालाही लागू करायला हवं, बदली होऊन आल्यावर पहिल्या महिन्यात, आणि त्याच्या सेवापुस्तकात नोंद करून. त्याने त्याच तिपाईपाशी उभं राहून वाळूचं पोतं स्वतः एकदा वर ओढावं आणि मगच दुसऱ्याच्या प्रमाणपत्रावर सही करावी.